६४० ची बादली, १,८७,४०० चं बिल

कळंबोलीत ट्रकच्या धंद्यात माझी एकोणीस वर्षं गेली. डिझेलमधलं रॉकेल वासावरून ओळखणारा माणूस मी, आणि यूरियाच्या बादलीत बुडालो. हसायचं तर हसा, पण आधी आपल्या गाडीतली बादली उघडून बघा.

१ एप्रिल २०२० नंतरचा मोठा ट्रक बीएस-६ चा, म्हणजे धुराच्या कडक नियमाचा. त्यात डिझेलच्या जोडीला, वेगळ्या टाकीत, विषारी धूर मारायला यूरियाचं पाणी आलंच, शंभर लिटरला साधारण पाच लिटर. नियमाला माझा विरोध नाही, तळोज्याच्या हवेत माझीही पोरं वाढतात. पण भाडं ठरवताना पार्टी या खर्चाचं नाव काढत नाही. दोन गाड्यांच्या मालकाने तो कुठून काढायचा? कंपनीची वीस लिटरची बादली १,२५० ला, एक पोरगा देत होता ६४० ला. हावरट म्हणा मला. महिन्याला ५२,३०० चा हप्ता भरा आणि मग म्हणा.

पोरगा छोट्या टेम्पोतून यायचा. "शेठ, कंपनीचाच माल, एक्स्पोर्टचा उरलेला." चाळीस बादल्या घेतल्या. २५,६०० रोख, कच्च्या चिठ्ठीवर. पक्क्या बिलाशिवाय एक थेंब घेऊ नका, पुढे कळेल का ते.

रात्री झोप उडते ती यापुढच्या गोष्टीने. पहिली बादली मी स्वतः उघडली. झाकणाची पट्टी तोडावी लागलीच नाही, अंगठ्याने निघाली. बोट बुडवून वास घेतला. कडवट, निंबोळीचा. ड्रायव्हरला हसत म्हणालो, "गावी उसाला खत टाकल्यागत वाटतंय रे!" खतच होतं ते! शेतीचा यूरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावूनच येतो, दर पावसाळ्यात गावी जाऊन मीच तो टाकतो. गाडीला लागतो तो शुद्ध, वेगळा. सबसिडीचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपयांच्या आसपास, एका बादलीत सात किलो, म्हणजे पोत्यामागे सहा बादल्या. हा हिशोब मला गॅरेजच्या बाकड्यावर सुचला. नाकाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

सतरा बादल्या पोटात गेल्या आणि बोरघाटात भरल्या कंटेनरसकट गाडीने मान टाकली. दिवा लागला, पिकअप गेला, मागून सगळे हॉर्न मारतायत. गॅरेजवाल्याने यूरियाचं पाणी फवारणारं नोझल काढून हातात दिलं. उरणच्या मिठागरासारखा पांढरा थर. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट १,१२,०००, पंप आणि नोझल ४१,५००, धुरातला विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर २२,३००, टाकी धुणं आणि मजुरी ११,६००. वॉरंटी? "भेसळ आहे, बसत नाही." गाडी तेरा दिवस उभी. दुसरी गाडी गुजरातला होती, तिचा ड्रायव्हर पंपावरच भरायचा म्हणून वाचली.

तिथेच एक मेकॅनिक कानाशी लागला, "पंधरा हजारात डबी बसवतो, यूरियाची कटकटच नको." त्या वाटेला जाऊ नका. सेन्सरला फसवणारी ती डबी बेकायदा आहे, पकडली की आपणच लटकतो.

मग तक्रार. पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद, कोर्टात जा, आणि पक्कं बिल कुठंय? वजनमापवाल्यांनी बादली मोजली. वीस लिटर भरली, म्हणजे त्यांच्या लेखी माल चोख! आरटीओत सांगितलं, गाडीत काय ओतता ते आम्ही बघत नाही. अहो, धूर तुम्हीच बघता ना, दहा हजारापर्यंतचा पीयूसीचा दंड तुम्हीच लावता ना? बादलीवर ज्यांचं नाव होतं त्या कंपनीने फोटो मागवले आणि "स्टिकर आमचं नाही" एवढं कळवून गप्प बसली. खताची चोरी म्हणून शेतीखात्यात गेलो, तर साहेबांनी विचारलं, "पोतं आणलंय का?" पोतं माझ्याकडे असतं तर मीच चोर ठरलो नसतो का? चार दिवस, पाच टेबलं, शून्य कागद.

 खऱ्या बादलीवर या पाण्याचा आयएसओ २२२४१ हा मानक नंबर छापलेला असतो, पण तो तर माझ्या बादलीवरही होता, छापायला काय लागतं! थेंबभर काचेवर वाळवून बघायची अक्कल मला नंतर आली. खऱ्याचाही पांढरा खडा उरतो, पण माझ्याचा पिवळट आणि बोटाला तेलकट लागला. शक्यतो पंपावरच्या मशीनमधून भरा.

तेवीस बादल्या अजून पत्र्याच्या शेडमध्ये पडल्यात. पुरावा म्हणून ठेवल्यात म्हणतो, न्यायला कोणी येत नाही. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "घेऊन ये इकडं, उसाला सोडू."