भांडी बाजारातली बीडाची कढई: घ्यायची का? (नाशिककरांसाठी जरा सविस्तर रिव्ह्यू)

पाऊस उघडला की आमच्या घरी खाण्याची चव बदलते, दुपारी ऑक्टोबर हीटने जीव जातो पण सकाळी गंगापूर रोडला गाडीवर चांगलाच गारवा लागायला लागलाय, आणि मग वरण-भात नको, काहीतरी खमंग, खरपूस, तव्यावरचं पाहिजे असं सगळ्यांनाच वाटतं. मला स्वयंपाकाचा नाद आहे, बायको म्हणते रविवारी किचन तुझं, ओटा पण तूच पुसायचा. तर यंदा नॉनस्टिकला रामराम ठोकला आणि बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई घेतली. दहा इंची, दोन कानांची, वजन 3 किलोच्या आसपास.

आता मी सातपूर एमआयडीसीत नोकरीला, सीआय कास्टिंग, म्हणजे बीडाचंच ओतकाम, रोज हातात असतं, त्यामुळे कढई बघायची माझी पद्धत जरा वेगळी. दुकानदार काका म्हणाले, "घ्या भाऊ, एक नंबर माल आहे," मी म्हटलं काका थांबा, आधी वाजवून बघू. बोटाच्या पेराने टकटक केली की चांगलं कास्टिंग घंटेसारखं थोडा वेळ वाजत राहतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग मोबाइलची टॉर्च आत मारून ब्लो होल बघायचे, म्हणजे सुई टोचल्यासारखी बारीक भोकं, एखाद-दुसरं बाहेरच्या बाजूला असलं तर चालतं, आत तळाला असेल तर ती कढई बाजूला ठेवा कारण त्यात पाणी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. शेवटी फरशीवर ठेवून डुगडुगते का बघायचं, इंडक्शनवर वापरणार असाल तर हे फारच महत्त्वाचं. काकांनी न कंटाळता एकामागून एक कढया काढून दिल्या, वर "कुठल्या कंपनीत आहात हो" असंही विचारलं. या बाजाराचं हे मला आवडतं, हातात घेऊन, वाजवून, घासाघीस करून घेता येतं. गोदावरीला पूर आला की पाणी याच गल्ल्यांत शिरतं, 2019 ला सगळ्यांनी बघितलं, तरी ही दुकानं पुन्हा उघडतात.

त्याआधी एका वेबसाइटवरून प्री-सीझन्ड वाली, म्हणजे तेलाचा थर आधीच बसवलेली, मागवली होती, ती कानाला तडा जाऊन आली, परत केली, विषय संपला. बीड कडक असतं पण ठिसूळ असतं, कुरिअरवाल्याने एकदा आपटलं की गेलं. घरीसुद्धा सिंकमध्ये आदळू नका आणि तापलेल्या कढईवर गार पाणी तर अजिबात ओतू नका.

बाजारातली कढई कोरी असते, वर गंज लागू नये म्हणून तेल किंवा मेणासारखा थर लावलेला असतो. तो साबण आणि काथ्याने खसाखसा घासून काढायचा. आमच्या आईची पद्धत म्हणजे मग त्यात तांदळाची पेज उकळायची, तेही केलं. त्यानंतर कढई कोरडी तापवून शेंगदाण्याचं तेल लावायचं आणि, इथेच खरी मेख आहे, लावलेलं सगळं तेल कपड्याने पुसून टाकायचं, जणू लावलंच नव्हतं. उरतो तो अगदी पातळ थर, तो धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा, गार करायची, परत तेच. कंपनीतल्या पावडर कोटिंगसारखंच आहे हे, थर पातळ आणि भट्टी नीट असेल तरच चिकटतं. तेल जास्त राहिलं तर वर गोंदासारखा चिकट थर बसतो. नेटवर सगळे जवसाच्या तेलाचं कौतुक करतात, पण त्याचा थर पुढे पापुद्रे सुटून निघतो अशी बऱ्याच जणांची तक्रार आहे, आपलं शेंगदाण्याचं बरं.

पदार्थांचं म्हणाल तर पहिलं पिठलं. मंद-मध्यम आचेवर कढई पाच-सात मिनिटं रिकामी तापू द्या, बीड अ‍ॅल्युमिनियमपेक्षा खूप सावकाश तापतं, पण एकदा तापलं की गार पीठ ओतलं तरी हटत नाही. तळाला जी खरपुडी धरते ना, ती उलथन्याने एका तुकड्यात, कडेला सोनेरी आणि मध्ये तपकिरी अशी सुटून येते, आणि ती कोणी खायची यावरून आमच्याकडे भांडणं होतात. नॉनस्टिकमध्ये हे होतच नाही, तिथे पिठलं नुसतं घसरतं.

दुसरं, काळं वाटण. सध्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा संपत आलाय, महाग असला तरी वाटणाला तोच घ्या, त्यात पाणी कमी असतं म्हणून पटकन लाल होतो. नवा लाल कांदा आधी पाणी सोडत बसतो. उभा चिरलेला कांदा, सुकं खोबरं, मग धणे, लवंग, मिरी, दगडफूल, सगळं याच कढईत मंद आचेवर. यंदा मी या वाटणात मटण न करता लाल भोपळा केला. सालीसकट मोठ्या फोडी, तेलात दोन्ही बाजूंनी डागून घेतल्या, मग वाटण आणि शेंगदाण्याचा कूट, पाण्याचा थेंब नाही, झाकण ठेवून दिलं. बाजरीच्या भाकरीबरोबर आमच्या मटणप्रेमी वडिलांनीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतला, त्यापुढे मी काय सांगू.

थालीपीठ नागलीचं, मेथी घालून. गरम कढईत हात घालून थापता येत नाही आणि दर वेळी गार करायची तर जेवण रात्री अकराला, म्हणून ओल्या फडक्यावर थापायचं आणि उलटं टाकायचं, मधल्या भोकांत तेल.

आणि हांडवो! शेजारच्या गुजराती काकूंनी शिकवला. तांदूळ-डाळीचं आंबवलेलं पीठ, दुधीचा कीस, तळाला मोहरी-तिळाची फोडणी, वरून पीठ, झाकण, अगदी बारीक गॅस. खालची तिळाची कड अशी कुरकुरीत होते की पहिल्यांदा खाताना कोणी बोललंच नाही. आंबट पीठ असलं तरी अर्ध्या-पाऊण तासात उरकतं त्यामुळे कढईला काही होत नाही.

पण चिंच-कोकमाची आमटी, टोमॅटोची ग्रेव्ही, आवळा हे यात नको. आंबटाने लोखंड सुटतं, पदार्थ काळा पडतो, चव लोखंडी होते आणि कष्टाने बसवलेला थर जातो. आवळा तर काळाकुट्ट होतो, म्हणून तर बायका मेंदीत आवळा घालून ती लोखंडी कढईत भिजवतात. कोजागिरीचं दूध पण आपल्या पातेल्यातच आटवा.

तोटे सांगतो. जड आहे, एका हाताने उचलून रस्सा ओतणं विसरा, ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी आठ इंची घ्यावी. कान तापतात, फडकं जवळ ठेवा. काठाला फिनिशिंग यथातथाच होतं, मी कानस मारून घेतली, ज्यांच्याकडे कानस नसेल त्यांनी दुकानातच बोट फिरवून बघावं. रात्री धुऊन ओली ठेवली तर सकाळी तांबूस डाग, त्यामुळे धुतली की गॅसवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचं. ज्यांना हे रोजचं लचांड वाटतं त्यांनी स्टीलची घ्या, खरंच. इंडक्शनवर चालते, पण एकदम फुल्ल पॉवर देऊ नका आणि काचेवर सरकवू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा काठाच्या फिनिशिंगला कापला.

झाकण सोबत येत नाही, घरातलं स्टीलचं बसतं का ते माप घेऊनच जा. आणि जायचं तर आत्ताच, कामाच्या दिवशी सकाळी जा, गाडी लांब लावून चालत. धनत्रयोदशीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, काकांना वाजवून दाखवा म्हणालात तर ते बघणार पण नाहीत तुमच्याकडे.