क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचा ऑनलाइन कोर्स : आठ महिने मुलांबरोबर काढल्यावर

मी कोल्हापुरात एका मेडिकल कॉलेजमध्ये पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. जानेवारीत चोवीस मुलामुलींना घेऊन क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचा (हॉस्पिटलचं रोजचं काम मोजून-मापून सुधारण्याचा), आमच्या बोलण्यातल्या 'क्यूआय'चा, एक ऑनलाइन कोर्स सुरू केला. ऑगस्टअखेर त्यातले पंधरा टिकले. कोर्स परदेशी आहे, फुकट आहे. पंधरा-वीस मिनिटांचे व्हिडिओ, प्रत्येकाखाली प्रश्न, शेवटी सर्टिफिकेट. त्याला आम्ही आमच्या दोन गोष्टी जोडल्या: दर शनिवारी रात्री साडेआठला ऑनलाइन बैठक, आणि सगळ्यांना उघडता येईल अशी एक एक्सेल शीट. दुसऱ्या कॉलेजमधले दोघे-तिघे विचारत होते की घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहितेय.

व्हिडिओ चांगले आहेत, यात वाद नाही. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइसने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने उतरले, हे आमची मुलं पुस्तकात दोन ओळींत वाचून पुढे जातात. इथे त्यावर थांबायला लावतात. आकडे समोर असूनही बरोबरीच्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही, हा भाग मुलांना जास्त लागला. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून पाहिली, तो अभ्यास 2009 मध्ये छापून आला, आणि त्या आठांत नवी दिल्लीही होती, हे ऐकल्यावर तर मागच्या बाकावरची मंडळीही सरसावून बसली. (ऑनलाइनमध्येही मागचा बाक असतो. कॅमेरा बंद ठेवणारे सगळे तिथले.)

बाकी उदाहरणं मात्र दूरची. संगणकावरून दिलेली ऑर्डर, पेशंटच्या मनगटावर बारकोड. आमच्याकडे केसपेपर, रजिस्टर आणि सिस्टरची स्मरणशक्ती. तिसऱ्याच आठवड्यात एकीने विचारलं, "मॅडम, हे आपल्याकडं कुठं चालणार?" माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं.

दुसरी तक्रार सर्टिफिकेटची. मुलं व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतात आणि प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर फिरतात. एका पठ्ठ्याला सगळ्या चाचण्यांत पैकीच्या पैकी. शनिवारी त्याला सोपा प्रश्न टाकला, तर नेमकं त्याच क्षणी त्याचं नेट गेलं. मार्चमध्ये मी सर्टिफिकेट मोजणं सोडलं आणि सांगितलं की मे महिन्यापासून प्रत्येक गटाने एका वॉर्डातली एकच गोष्ट मोजायची. नऊ जण तिथे गळाले. मला वाईट वाटलं नाही.

एका गटाने मेडिसीनचा पुरुष वॉर्ड घेतला. सकाळच्या राऊंडला रिपोर्ट नसतात ही तिथली रोजची बोंब, आणि सगळ्यांचं बोट लॅबकडे. कोर्समधले तीन प्रश्न आम्ही मराठीत करून घेतले होते: आपल्याला नेमकं काय साधायचंय? बदल झाला ती सुधारणाच आहे हे कळणार कसं? आणि त्यासाठी काय करून बघता येईल? पहिल्याच प्रश्नावर दोन शनिवार गेले. "रिपोर्ट लवकर मिळावेत" ही इच्छा झाली. "सकाळी घेतलेली सॅम्पल 15 ऑगस्टपर्यंत अर्ध्या तासात वॉर्डाबाहेर पडली पाहिजेत" हे ध्येय. आणि हे ध्येयसुद्धा असं वॉर्डापुरतं झालं ते मोजल्यानंतर.

मोजलं कसं, तर एक मुलगी सकाळी सातला सिस्टरच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसली. रक्त कधी काढलं, ट्रे कधी हलला, लॅबच्या रजिस्टरला कधी चढला, रिपोर्ट कधी निघाला, या चारही वेळा वहीत टिपल्या. पाच दिवस. लॅबचा वेळ ठीकठाक होता. बल्ब, म्हणजे रक्ताच्या नळ्या, वॉर्डातच टेबलावर तास-सव्वा तास पडून होते, जांभळ्या टोपणाचे, लाल टोपणाचे, सगळे एका ट्रेत. साध्या बल्बमध्ये पडून राहिलेल्या रक्तातली साखर तासागणिक उतरत जाते, हे त्याच मुलीने बायोकेमिस्ट्रीत पाठ केलेलं. ते डोळ्यांदेखत घडतंय हे तिला स्टुलावर बसल्यावर कळलं.

मग ट्रे का थांबतो? मुलांनी आधीच ठरवून टाकलं होतं की वॉर्डातले मामा (सॅम्पल, पेशंट नेणारे कर्मचारी) टाळाटाळ करतात. त्यांना विचारायला सांगितलं. मामा म्हणाले, "लॅब पलीकडच्या बिल्डिंगीत. चार बल्ब घिऊन गेलो की परत आल्यावर सिस्टर म्हणणार, अजून सहा आहेत. मग ट्रे भरल्यावरच जातो की." माणूस चुकत नव्हता, कामाची घडीच तशी बसली होती. हे वाक्य कोर्समध्ये दहा वेळा येतं. मुलांनी ते मामांकडून एकदा ऐकलं आणि पुरलं.

बदल छोटा होता: ट्रे भरो न भरो, सव्वाआठला निघायचा. एकच वॉर्ड, एकच दिवस. पहिल्या दिवशी मामा वेळेत गेले आणि लॅबच्या खिडकीबाहेर उभे राहिले, कारण खिडकी साडेआठला उघडते. मुलं हिरमुसली. पण 'पीडीएसए'मधला (प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट) 'एस' इथेच कामाला येतो. ठरवा, करा, अभ्यासा, मग पुढचं. ही पद्धत रुजवणाऱ्या गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगचा आग्रह नुसत्या 'तपासा'वर नव्हता, 'अभ्यासा'वर होता. दुसऱ्या फेरीत वेळ आठ पस्तीस केली. तिसऱ्या दिवशी सिस्टरची तक्रार आली की मामा लॅबकडे गेल्याने एक्स-रेचा पेशंट व्हीलचेअरवर ताटकळला. एकाने शनिवारी शीटमध्ये गुपचूप नवा रकाना काढला, 'एक्स-रेला उशीर'. एक सुधारताना दुसरं बिघडत नाही ना, हे बघणारं हे माप. व्हिडिओत त्याच्यावर चार मिनिटं आहेत, आमची बैठक त्या रात्री दहापर्यंत चालली.

आता आलेख, म्हणजे रन चार्ट. बल्ब वॉर्डात किती वेळ थांबले याचा शीटमध्ये रोजचा एक ठिपका पडायचा, मधून मध्यकाची आडवी रेघ. दोन ठिपके खाली आले की मुलांचा मेसेज: "मॅडम, झालं!" नियम मी कितीदा सांगितला असेल. लागोपाठ सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर बदल मानायचा, लागोपाठ पाच किंवा जास्त ठिपके एकाच दिशेने चढत वा उतरत गेले तर कल. डोक्यात शिरेना.

जुलैत पंचगंगा नदी पात्राबाहेर आली. त्या शनिवारी अर्ध्या मुलांचं लक्ष बैठकीत नव्हतंच, सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होते. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आकडा काय होणार याचे अंदाज चाललेले. मी चिडून तोच आकड्यांचा मेसेज स्क्रीनवर लावला आणि म्हटलं, सांगा, पाणी उतरतंय का? मघापेक्षा दोन इंच कमी झालं होतं. चिखलीकडचा एक मुलगा, 2019 आणि 2021 दोन्ही पूर घरात बघितलेला, पटकन बोलला, "दोन इंच उतरलं म्हणून माळ्यावरचं सामान कोण खाली आणतंय व्हय मॅडम? चार-पाच आकडे सलग उतरू देत, मग बघू." मग थोडा गप्प झाला आणि म्हणाला, "म्हणजे आपली शीट पण तशीच." त्यानंतर रन चार्टवर मला एक शब्द बोलावा लागलेला नाही.

तर घ्यावा का? शब्द, इतिहास, साधनं यांसाठी व्हिडिओ जरूर घ्या, वर्गात तेवढं नीट मला तरी सांगता आलं नसतं. कारणांचा माशाचा सांगाडा (फिशबोन, एका अडचणीची कारणं फांद्यांसारखी मांडणारी आकृती) काढायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, वहीचं पान पुरतं. इंग्रजीचा वेग काहींना झेपत नाही, सबटायटल चालू ठेवायला सांगा. 'कायाकल्प', 'लक्ष्य' अशा आपल्याकडच्या सरकारी योजनांचा त्यात अर्थातच उल्लेख नाही, तो तास तुम्हालाच घ्यावा लागेल. आणि वॉर्डातल्या सिस्टरना पहिल्या दिवसापासून बैठकीत घ्या. आम्ही दीड महिना उशिरा घेतलं आणि तोवर त्यांना वाटत होतं की मुलं त्यांच्या चुका लिहून नेतात.

15 ऑगस्टला मेडिसीनच्या गटाचे सलग आठ ठिपके रेघेखाली होते. सप्टेंबरात मुलांची पोस्टिंग बदलली. गेल्या सोमवारी सहज वॉर्डात डोकावले तर पावणेदहाला ट्रे टेबलावरच, अर्धा भरलेला. मामा ओशाळून हसले. "पोरं यायची बंद झाली मॅडम, मग मी बी इसरलो." नव्या बॅचला मी दुसरा विषय शोधत बसले नाही. वॉर्ड तोच दिलाय, शीटही तीच, आठ ठिपक्यांच्या पुढून.