नवा फोन आधी मान टाकतो तेव्हा

सीलबंद खोक्यातून निघालेला ५००० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरीचा नवा फोन दुपारीच चार्जर मागतो आणि ४००० एमएएचचा जुना फोन रात्रीपर्यंत तग धरतो, हे काही बरोबर नाही, एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही. पण विक्रेत्याला विचारलं की त्याच्याकडे उत्तर तयार असतं, आणि ते निम्मं खरं असतं. गोम तिथेच आहे.

पहिलं उत्तर: "नवीन फोन आहे, सुरुवातीला बॅटरी जास्त जाणारच." खरं आहे. फोटो डाउनलोड होत असतात, ॲप अपडेट होत असतात. दुसरं: "फाइव्ह-जी आणि १२० हर्ट्झची स्क्रीन आहे, मॅडम." हेही खरं, सेकंदाला १२० वेळा बदलणारी स्क्रीन जास्त वीज घेते, त्यातून सिग्नल कमजोर असेल तर फोन आणखी खातो. तिसरं मात्र शुद्ध थाप: "चार-पाच वेळा पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज करा, बॅटरी सेट होईल." हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. आजच्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नसते, उलट तळापर्यंत उतरवल्याने तिची झीजच होते. असं एकेक उत्तर येत राहतं आणि तोवर फोन परत करण्याची मुदत सरते. या लोकांना तेवढंच हवं असतं.

माझ्या नव्या फोनचंही हेच झालं, म्हणून मी वाद न घालता जुन्याशी तुलना केली. दोन्ही फोन विमान मोडवर, दोन्हींवर आधीच डाउनलोड करून ठेवलेला एकच व्हिडिओ. उजेडाची पट्टी सारख्या जागी ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक स्क्रीनचा कमाल उजेड वेगळा. अंधाऱ्या खोलीत शेजारी ठेवून डोळ्यांनीच जुळवावा लागतो. आता नेटवर्क, सिंक, फाइव्ह-जी या सबबींना जागाच उरली नाही. तरी नवा आधी बंद पडला. तोही कसा, तर शंभर टक्क्यांवर बराच वेळ रेंगाळला आणि तिशीतून एकदम एक आकडी. जीर्ण बॅटरीतल्या पेशींचा (सेलचा) अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो, भार पडला की व्होल्टेज कोसळतं, तेव्हा असं होतं. साधारण ५०० चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर) बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते असं धरतात. माझा जुना फोन तो टप्पा केव्हाच ओलांडून गेलेला, आणि तरीही जिंकला.

सेटिंग्जमध्ये मात्र बॅटरीचं आरोग्य १०० टक्के! त्यावर जाऊ नका. बॅटरीवरच्या चिपमधली नोंद बदलता येते. चार्जर आणि फोनच्या मध्ये लावायचा, किती वीज गेली ते मोजणारा यूएसबी मीटर खोटं बोलत नाही. ५००० एमएएच गुणिले बॅटरीचं ३.८५ व्होल्ट म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. चार्ज होताना काही ऊर्जा वाया जाते, म्हणजे रिकाम्या फोनला मीटरवर त्याहून जास्तच लागायला हवी. माझ्या नव्या फोनने चौदासुद्धा घेतले नाहीत. (मीटरवरचा एमएएचचा आकडा बघू नका. तो चार्जरच्या व्होल्टेजचा असतो, बॅटरीच्या नव्हे. वॉट-तासच बघा.)

मग जे खोकं उघडल्याबरोबर करायला हवं ते: स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढायचा, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडायचा, आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी केव्हा सुरू झाली ते बघायचं. माझी वॉरंटी खरेदीच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. म्हणजे कुणीतरी वापरून सोडलेला फोन, आत स्वस्तातली बॅटरी, वर नवं सील. सर्व्हिस सेंटरने बॅटरी मूळ नसल्याचं लेखी दिलं.

तो कागद, वॉरंटीचा स्क्रीनशॉट आणि मीटरचा फोटो पाठवल्यावर विक्रेता फाइव्ह-जीबद्दल एक शब्द बोलला नाही. आता म्हणतो, बॅटरी तुम्हीच बदलली असेल. पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ असता, तर हे बोलायलाही त्याला जागा मिळाली नसती.