काढलेला पार्ट हातात मिळाला, तरी ६८५ डॉलरला गंडलो

"काढलेला पार्ट परत मागायचा, म्हणजे मेकॅनिक गंडवू शकत नाही." सांगलीच्या गॅरेजांत आयुष्यभर स्कूटर नेऊन बाबांनी कमावलेलं हे ज्ञान. अमेरिकेत, युटामध्ये आम्ही आमच्या मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) पाण्याच्या हीटरचा पार्ट मागितला, मेकॅनिकने तो हसत हसत दिला आणि आम्ही तरीही फसलो. भारतातून आलेल्या आईवडिलांना मोटरहोममधून फिरवणारी आपली बरीच मंडळी इकडे आहेत, म्हणून सगळं लिहून काढतेय.

गाडी जुनी, आदल्याच वर्षी घेतलेली. एप्रिलच्या सुरुवातीला डेन्व्हरहून साडेतीनशे मैल गाडी हाकून आम्ही युटातल्या मोआबला पोचलो. पहिल्या संध्याकाळी गरम पाणी उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नळ सोडला तर कोमट. एप्रिलात मोआबची पहाट चांगलीच गार असते आणि आईला तर सांगलीच्या मे महिन्यातही कढत पाणी लागतं. हीटरचा स्विच चालू होता, बाहेरच्या जाळीमागे बर्नर भस्सकन पेटल्याचा आवाज येत होता, बिघाडाचा लाल दिवा बंद होता. तरी पाणी कोमट ते कोमटच.

नवऱ्याने फोनवर शोधून एक फिरता मेकॅनिक बोलावला. तासाभरात आला, गोड बोलणारा. आल्या आल्या गाडीला एक चक्कर मारली, मागच्या बाजूचं बाहेरच्या शॉवरचं झाकण उघडलं आणि तिथे हात धुतले. "काम करायच्या आधीच कसले हात धुतोय हा?" असं आई मराठीत पुटपुटलीही. आम्ही हसलो. सगळी मेख तिथेच होती.

मग त्याने हीटरचं झाकण उघडलं आणि "गॅसचं काम आहे, लांब थांबा" म्हणून आम्हाला टेबलापाशी पिटाळलं. दोनदा स्वतःच्या ट्रककडे जाऊन आला. पाऊण तासाने निदान सांगितलं: कंट्रोल बोर्ड जळालाय आणि टाकीतला अ‍ॅनोड रॉड, म्हणजे गंज रोखणारी धातूची कांडी, खलास झालाय. बाबांनी मला पुढे ढकललं. "अगं, जुना पार्ट माग." त्याने लगेच एक कांडी हातात ठेवली. चिपाडासारखी खाल्लेली, मधली तार उघडी पडलेली. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. घरच्या गिझरमधली अशीच कांडी त्यांनी पाहिलेली होती, बोअरच्या पाण्याने तिचं काय होतं तेही त्यांना माहीत होतं. जुना बोर्ड मात्र "कंपनीला परत द्यावा लागतो" म्हणून मिळाला नाही.

बिल: येण्याचे ९५, बोर्डाचे २९०, रॉडचे ८०, मजुरी २२०. एकूण ६८५ डॉलर. कार्ड घेत नाही म्हणाला, म्हणून झेलने (बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायच्या सेवेने) पाठवले. नळ सोडला तर वाफाळतं पाणी. आईने त्याला चहा आणि बाकरवडी दिली. ती बाकरवडी मला अजून सलते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी पुन्हा कोमट. मेकॅनिकचा फोन दोनदा वाजून बंद पडला. शेजारच्या जागेवर एक निवृत्त बाई एकट्याच राहत होत्या, त्यांनी आमची धावपळ पाहून एकच प्रश्न विचारला: बाहेरचा शॉवर कोणी वापरलाय का?

वापरला होता ना. बाबांनी. मोआबची माती लाल, पायाला चिकटणारी, आणि पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही हा त्यांचा नियम. त्या शॉवरला गरम आणि गार असे दोन नळ असतात आणि हातातल्या फवाऱ्यावर एक बटण. बाबा पाय धुऊन फक्त बटण बंद करायचे, दोन्ही नळ उघडेच. बाहेर थेंबही गळत नाही, पण त्या नळाच्या पोटात गार आणि गरम लाइन एकमेकींना जोडल्या जातात. मग आत गरम नळ सोडला की गार पाणी त्या वाटेने येऊन मिसळतं आणि गाडीतला प्रत्येक गरम नळ कोमट वाहतो. बाईंनी दोन्ही नळ फिरवून बंद केले. पाच मिनिटांत पाणी कढत.

म्हणजे मेकॅनिकला पहिल्या दोन मिनिटांत सगळं कळलं होतं. हात धुताना त्याने नळ बंद केले आणि मग पाऊण तास नाटक केलं.

पाणी निवल्यावर नवऱ्याने हीटर उघडला. बोर्ड तोच. गाडी घेताना मी हीटरचे फोटो काढले होते, त्यातला कोपऱ्यावरचा तपकिरी डाग जसाच्या तसा, वर कोळ्याचं जाळं. खरं तर बोर्ड मेला असता तर बर्नर पेटलाच नसता. ठिणगी आणि गॅसचा व्हॉल्व्ह तोच चालवतो. हे आम्हाला आदल्या सकाळीच सुचायला हवं होतं.

आणि कांडी? सबर्बन कंपनीच्या हीटरमध्ये पोलादी टाकी असते, तिला गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजत राहतो. आमचा हीटर अ‍ॅटवूडचा, जी कंपनी पुढे डोमेटिकने घेतली. त्याची टाकी अ‍ॅल्युमिनियमची. तिला रॉड लागतच नाही, खाली साधा प्लास्टिकचा बूच असतो. आमचा बूच जागच्या जागी होता. ती कांडी त्याच्या ट्रकमधली, कोणाच्या तरी दुसऱ्या गाडीतून निघालेली. आणखी किती जणांना दाखवली असेल देव जाणे.

पाणी कोमट आणि बर्नर पेटतोय, असं झालं तर कोणाला बोलवायच्या आधी बाहेरचा शॉवर बघा. मग हीटरच्या मागची हिवाळी बायपासची चावी (हिवाळ्यात पाणी टाकीत न जाता बाजूने वळवणारी); ती अर्धवट फिरलेली असली तरी हेच होतं. टाकीतून निघणारा पाइप चटका देतोय आणि नळ कोमट आहे, तर हीटर ठणठणीत आहे. टाकीचा बूच मात्र पाणी गरम असताना, दाब असताना उघडू नका, भाजाल. आणि पार्ट मागायचा तर तो निघताना शेजारी उभं राहून बघा.

झेलचे पैसे रोख दिल्यासारखेच, परत आले नाहीत. युटाच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे फोटोंसकट तक्रार केली आहे. कांडी बाबांनी बॅगेत घालून सांगलीला नेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. उरलेल्या प्रवासात पाय धुणं काही थांबलं नाही, फक्त दर वेळी आतून आईची हाक यायची, "अहो, दोन्ही नळ बंद केलेत का?"