लेकॉक की ईम? इंग्लंडमधलं एकच खेडं बघायचं असेल तर

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला आलेल्या आई-बाबांना लंडन, बाथ, स्टोनहेंज दाखवून झालं की ते हमखास विचारतात, "इथलं एखादं खेडं नाही का दाखवत?" हाताशी दिवस एकच असेल, तर माझ्या मते निवड दोन गावांतून करावी : विल्टशायरमधलं लेकॉक आणि डर्बीशायरमधलं ईम.

सोयीचं म्हणाल तर लेकॉक. पॅडिंग्टनहून चिपनमपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे बस. गाव चार गल्ल्यांचं, गुडघे धरलेल्या माणसालाही निवांत फिरता येतं. १९४४ मध्ये गावाच्या मालकीण मटिल्डा टॅलबट यांनी इथला जुना मठ आणि जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. आजही बरीचशी घरं ट्रस्टची आणि त्यात राहणारी माणसं भाडेकरू आहेत. त्यामुळे छपरांवर अँटेना नाहीत, डोक्यावर तारा नाहीत. बेकरी, पब, शाळा, चर्च सगळं हाकेच्या अंतरावर. सिनेमांच्या चित्रीकरणामुळे गर्दी मात्र फार, शनिवार-रविवार टाळाच.

मठाला तिकीट आहे, पण ते वाचवू नका. १२३२ मध्ये ख्रिस्ती जोगिणींसाठी उभा राहिलेला हा मठ पुढे टॅलबट घराण्याचा वाडा झाला. १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी तिथल्या एका जाळीदार खिडकीचं छायाचित्र कागदावर उतरवलं. कॅमेऱ्यातून घेतलेली आणि आजवर टिकलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. सुरुवातीला भिंग लावलं तर तिच्यात काचेचे सुमारे २०० तुकडे मोजता यायचे, असं त्यांनी लिहून ठेवलंय. ती खिडकी अजून जागेवर आहे. तिच्यासमोर उभं राहून आपण मोबाइलने फोटो काढतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

तरी मी ईमलाच जा म्हणेन. शेफील्डहून बसने जाता येतं. पब, कॅफे, दुकान आहे, छोटं संग्रहालय आहे, ते हिवाळ्यात बंद असतं. चढउतार बराच, बूट चांगले घाला.

१६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून इथे प्लेग शिरला. आपल्याकडे उंदीर पडले की गावं उठून माळावर झोपड्यांत जायची. इथे उलट झालं. रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून पाद्री विल्यम माँपेसन आणि थॉमस स्टॅनली यांनी गावकऱ्यांना हद्दीतच राहायला राजी केलं. साधारण चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. घरांसमोर पाट्या आहेत : कोण, कधी दगावलं. एलिझाबेथ हँकॉकने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. गावाबाहेर शेतात, दगडी कुंपणाआड त्या कबरी आहेत. माझी आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती.

खाली स्टोनी मिडलटनच्या वाटेवर हद्दीचा दगड आहे, त्याला सहा भोकं. नाण्यांवाटे रोग पसरू नये म्हणून गावकऱ्यांनी त्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी त्या बदल्यात धान्य ठेवून जायचं. बोट घालून बघा, कडा गुळगुळीत झाल्यात.

सोबत फार थकलेलं माणूस असेल, तर लेकॉक. चालायला जमत असेल, तर ईम, आणि जमलं तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. त्या काळात चर्च बंद ठेवून जिथे उघड्यावर प्रार्थना व्हायची, त्या ककलेट डेल्फच्या घळीत गाव त्या दिवशी मृतांच्या स्मरणार्थ जमतं.