७ मेगाहर्ट्झचा आखूड डायपोल: काही महिन्यांच्या वापरानंतर

हौशी रेडिओच्या ७ मेगाहर्ट्झ बँडवर पूर्ण डायपोलला (मध्यभागी जोडणी असलेली, दोन समान भुजांची तारेची अँटेना) लागणारी २० मीटर जागा नसल्यामुळे मी दोन लोडिंग कॉइल्स (आखूड तारेची उणीव भरून काढणारी तारेची वेटोळी) घालून १० मीटरचा आखूड डायपोल बांधला आणि गेले काही महिने तोच नियमित वापरत आहे. अशा अँटेनाबद्दल पहिली शंका असते ती सिग्नल पडण्याची. माझा अनुभव असा की सिग्नलमधला फरक ऐकणाऱ्याला क्वचितच जाणवतो. खरी किंमत मोजावी लागते ती बँडविड्थमध्ये, म्हणजे अँटेना नीट चालते त्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात.

प्रत्येक कॉइल फीडपाशी (मध्यभागी केबल जोडली जाते तिथे) ठेवल्यास सुमारे १२ मायक्रोहेन्री (कॉइलच्या इंडक्टन्सचे एकक) पुरतात, भुजेच्या मध्यावर ठेवल्यास जवळपास २२ लागतात. वेढे वाढले की रोधही वाढतो, तरीही मी मध्यच निवडला, कारण फीडपासून कॉइलपर्यंतच्या तारेत प्रवाह जवळजवळ पूर्ण राहतो आणि प्रारण (रेडिओ लहरी बाहेर पडणे) प्रवाहावरच अवलंबून असते. ४० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर १ मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तारेचे साधारण २५ वेढे शेजारी शेजारी घेतले की एवढे इंडक्टन्स मिळते.

ट्यूनिंगला मात्र संयम हवा. दोन्ही टोकांची तार एकेक सेंटिमीटर कापली की रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) सुमारे १५ किलोहर्ट्झ वर सरकतो, म्हणजे पूर्ण डायपोलच्या जवळपास दुप्पट. म्हणून टोके कापण्याआधी दुमडून पाहणे केव्हाही चांगले. एसडब्ल्यूआर (अँटेना आणि केबल किती जुळतात याचे माप; १ म्हणजे उत्तम) २ च्या आत राहतो तो जेमतेम ६०-७० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. बँडच्या सीडब्ल्यू (मोर्स) आणि फोन (आवाजी संभाषण) या दोन्ही भागांत वावरणाऱ्याला ट्यूनरशिवाय (जुळणी करून देणारे उपकरण) हे अडचणीचे वाटेल. मी बँडच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे माझे भागते.

फीडपाशी रोध ३० ओहमच्या आसपास येतो. डायपोल किंचित आखूड ठेवून फीडच्या दोन टोकांमध्ये सुमारे १.४ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल जोडली की तो ५० ओहमच्या कोॲक्सशी (रेडिओपासून येणारी केबल) नीट जुळतो. तिथेच करंट बालनही (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग) असावा, नाहीतर कोॲक्सची बाहेरची बाजूच प्रारण करू लागते आणि एसडब्ल्यूआरच्या वाचनावर भरवसा राहत नाही.

पावसात रेझोनन्स खाली घसरतो, आणि एवढ्या अरुंद पट्ट्यात ती घसरण लगेच दिसते. १०० वॉटला कॉइलच्या दोन टोकांमध्ये १००० व्होल्टहून अधिक दाब असतो, म्हणून वेढ्यांवर वॉर्निशचा थर द्यावा आणि तारेचा ताण सोल्डरच्या जोडावर न पडता पाइपच्या भोकांवर पडेल अशी बांधणी करावी. माझे दोन्ही जोड अजून स्वच्छ आहेत.