बॉण्ड की ड्रॉबॅक? परदेशी माल पुन्हा परदेशी पाठवताना

नाशिकमधल्या अंबडच्या एका उद्योजक मित्राने परवा विचारलं, इटलीहून येणारे व्हॉल्व्ह पुढे केनियाला पाठवायचे आहेत, तर आयात ड्युटी भरून सोडवू की बॉण्डमध्ये, म्हणजे कस्टम्सचा परवाना असलेल्या गोदामात ड्युटी न भरता ठेवू? मी दोन्ही केलंय. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या बँकेचा क्रमांक) या गोष्टी तुमच्याकडे असणारच, त्या सोडून बोलतो.

ड्युटी भरून आणलं की माल आपल्या गोदामात, आपल्या ताब्यात राहतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ खाली, न वापरलेला माल ड्युटी भरल्यापासून दोन वर्षांत बाहेर गेला तर ९८ टक्के ड्युटी परत मागता येते. यालाच ड्रॉबॅक म्हणतात. पाच लाख भरले असतील तर दहा हजार गेले, एवढाच हिशोब. वापरलेल्या मालाला टक्के उतरत जातात आणि अठरा महिन्यांनंतर काहीच मिळत नाही. आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचं (एकात्मिक जीएसटीचं) क्रेडिट घेतलं असेल तर तेवढा भाग ड्रॉबॅकमध्ये धरू नका.

माझं घोडं अडलं ते ओळखीपाशी. आणलेला माल तो हाच, हे तपासणी अधिकाऱ्याला पटावं लागतं. माझ्या पहिल्या खेपेत आमच्या पोरांनी सातपूरच्या गोदामात पेट्या फोडून, माल पुसून, आमच्या खोक्यांत नीट भरला. प्रत्येक व्हॉल्व्हवर सिरीयल नंबर कोरलेला होता, पण आयातीच्या इन्व्हॉइसवर फक्त मॉडेल आणि नग. बंदरावर अधिकाऱ्याने विचारलं, हे तेच कशावरून? प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीकडून पत्र मागवलं, नंबरांची यादी मागवली. तोवर कंटेनरचं भाडं चढत राहिलं आणि मी तीन वेळा कसारा घाट उतरलो. पैसे मिळाले, पण आठ महिन्यांनी. दोन टक्क्यांपेक्षा त्या काळातलं बँकेचं व्याज मला जास्त लागलं.

बॉण्डमध्ये हा प्रश्न त्या रूपात येतच नाही. माल बॉण्डेड गोदामात उतरतो, कलम ६९ खाली तिथूनच ड्युटी न भरता निर्यात होतो, आणि बिल ऑफ एंट्रीपासून (आयातीचा कस्टम्स कागद) शिपिंग बिलापर्यंतची (निर्यातीचा कागद) नोंद गोदामाच्या रजिस्टरमध्ये सलग असते. माल पाहता येतो, वेगळा करता येतो, गिऱ्हाइकाला दाखवताही येतो. बदल्यात ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बॉण्ड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यावा लागतो. भाडं आणि विमा आपल्या खिशातून, मुदत साधारण एक वर्ष. नाशिककरांना खटकेल ती गोष्ट म्हणजे माल नजरेसमोर नसतो. माझा तरी उरण-पनवेल पट्ट्यातच ठेवलेला असतो. आणि बेत बदलून तो इथेच विकायचा ठरवला, तर ड्युटी भरावी लागतेच, शिवाय नव्वद दिवसांनंतरचं व्याज.

परवान्याच्या बाबतीतही बॉण्डचं पारडं थोडं जड आहे. परकीय व्यापार धोरण २०२३ नुसार, आयातीवर निर्बंध असलेली (बंदी नव्हे) वस्तूसुद्धा बॉण्डखाली आणून परवान्याशिवाय पुढे पाठवता येते. अट अशी की तिची निर्यात खुली हवी आणि पैसे परिवर्तनीय चलनात यायला हवेत.

दोन्ही वाटांवर स्कोमेटची, म्हणजे लष्करी कामालाही वापरता येणाऱ्या आणि म्हणून निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची, यादी मात्र तपासाच. माल इटलीचा असला तरी भारतातून निघताना ती लागू होते. रासायनिक कारखान्यांसाठीचे, निकेल मिश्रधातूचे किंवा आतून फ्लोरोपॉलिमर लावलेले काही व्हॉल्व्ह तिच्यात बसतात, आणि मग डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना आला. अमेरिकी बनावटीचा माल असेल तर तिकडचे पुनर्निर्यातीचे नियम इथवर मागे येतात, म्हणून पुरवठादाराकडून त्या नियमांखालचा मालाचा वर्गीकरण क्रमांक लेखी घ्या. शिपिंग बिलावर मूळ देश इटलीच लिहायचा.

निम्मा माल इथे खपणार असेल, किंवा पेट्या आपल्याच शेडमध्ये उघडून तपासायच्या असतील, तर ड्रॉबॅकची वाट चुकीची म्हणणार नाही. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल तर मी आता बॉण्डच घेतो, आणि मित्रालाही तेच सांगितलं. त्याने ड्रॉबॅकच निवडला, तर जहाज सुटायच्या आत पुरवठादाराला एक मेल टाकावा: इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर प्रत्येक नगाचा सिरीयल नंबर छापा.